बेहड्याखालची हाक

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता नव्हता आणि कोकणातलं मीठ माणसांच्या डोक्यावरून वर यायचं, तेव्हाची ही गोष्ट. कड्यावर कुसरवाडी नावाचं गाव होतं. अजून आहे. गावाच्या टोकाला डगळ्यांची भातखाचरं, आणि शेवटच्या खाचराच्या बांधावर एक बेहडा. चार माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा. त्याच्यापुढे वीस पावलं गवत, आणि मग सरळ दरी. बेहड्यावर भुतं राहतात म्हणून त्याच्या सावलीलाही कुणी थांबत नसे.

या डगळ्यांच्या घरात ठमा सून होऊन आली. नवऱ्याचं नाव लहानू. दोघांचा एकमेकांवर जीव होता आणि दोघं भांडायचीही तितकीच. एका श्रावणात असंच काहीतरी वाजलं. कशावरून, ते आता कुणालाच ठाऊक नाही. लहानू तणतणत म्हैस आणायला गेला, आणि मागोमाग दरीतून धुकं चढलं. तिथलं धुकं म्हणजे आपला हात आपल्याला दिसत नाही. भरदिवसा माणूस स्वतःच्या अंगणात वाट चुकतो.

थोड्या वेळानं हाक आली. "ठमेऽऽ, ओ दे गं! वाट दिसंना!"

ठमा चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. सासू म्हणाली, "अगं, ओ दे त्याला."

"राहू द्या जरा उभं," ठमा म्हणाली. "डोस्कं थंड हुईल."

दुसरी हाक आली. तिसरी आली, ती लांबून. तेव्हा मात्र ठमा घाबरली. धावत दारात आली आणि जिवाच्या आकांतानं ओ देत राहिली. पुन्हा हाक आलीच नाही.

तीन दिवसांनी धुकं फाटलं. म्हैस बेहड्याखाली रवंथ करत बसली होती. लहानू कड्याखाली सापडला.

ठमा रडली नाही, असं म्हणतात. पुढचं धुकं आलं तशी ती उठली, त्या भुताखेतांच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि हाका मारू लागली. "इकडं याऽऽ! वाट इकडं हाय!"

सासू चाचपडत मागे आली. "ठमे, कुणाला बलावतीस? त्यो गेला गं बाई."

"आत्याबाई, घाटात कुणीतरी असंल की," ठमा म्हणाली.

आणि खरंच, कुणी ना कुणी असायचंच. मीठवाले असायचे, गुराखी असायचे, माहेराहून परतणाऱ्या लेकी असायच्या. तिची हाक तीन कोसांवर ऐकू जायची, असं म्हणतात. आणि ज्यानं ऐकली त्याला त्यात आपलंच नाव ऐकू यायचं, आपल्या आईच्या आवाजात. ठमाला तर कुणाचंच नाव माहीत नसायचं. धुक्यातून जो बाहेर येई त्याचा चेहरा ती दोन्ही हातांत धरून जवळून बघायची. मग हात सोडायची. "जा, घरात चूल पेटलीया," एवढंच म्हणायची आणि पुन्हा दरीकडे तोंड करायची. अशी बावीस वर्षं गेली.

एका भादव्यात कोकणातून वऱ्हाड निघालं. चाळीस माणसं, बायका, कडेवरची पोरं. अर्ध्या घाटात धुक्यानं गाठलं, आणि दोन दिवस ते हललं नाही. ठमा दोन्ही दिवस बेहड्याखाली उभी होती. घशातून रक्त यायला लागलं. सासू तेव्हा पार वाकलेली, तरी पेज घेऊन आली. "एक घोट तरी घे." ठमानं मान हलवली. तेवढा वेळ हाक थांबली असती.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना वऱ्हाड वर आलं. पुढे नवरी, तिच्या हातात मागच्याचा हात, त्याच्या हातात त्याच्या मागच्याचा. चाळीसच्या चाळीस माणसं. बेहड्याला पाठ लावून ठमा बसलेली होती, डोळे दरीकडे. नवरी पाया पडायला वाकली, आणि पाय थंडगार लागले.

"ही सकाळीच गेली," सासू म्हणाली.

"असं कसं?" नवरी म्हणाली. "आम्हाला तर आत्ता हाक आली."

त्याला किती पिढ्या झाल्या, कुणी मोजल्या नाहीत. घाटातून रस्ता झाला, मीठ दुकानात मिळू लागलं. पण श्रावणात पहिलं दाट धुकं उतरलं की कुसरवाडीच्या बायका अजून बेहड्याकडे जातात. नारळ नाही, हळदकुंकू नाही. ज्या घरातलं माणूस गेलं आणि परत आलं नाही, त्या घरची बाई त्याच्या नावानं हाक मारते. कुणी कड्यावरून गेलेलं असतं, कुणी मुंबईच्या गिरणीत गेलेलं आणि पुन्हा न दिसलेलं, कुणी लांब दिलेली लेक असते. प्रत्येक हाकेनंतर सगळ्या जणी गप्प उभ्या राहतात, ओ येते का बघत.

शेवटी डगळ्यांची थोरली सून पुढे होते. "ठमाईऽऽ, पुरे झालं. घरी चल आता!"

लुगडी भिजून अंगाला चिकटेपर्यंत त्या थांबतात. ओ अजून एकदाही आलेली नाही. मग एकमेकींचे हात धरून त्या खाचरांच्या बांधावरून गावाकडे परततात.