पाखऱ्याच्या मानेवरचा शेला

“सरकार, हा घोडा लंगडा आहे!”

सुजनगडच्या राजाला असं तोंडावर कुणी सांगतं का? तेही भरल्या मैदानात, आणि ज्या घोड्याच्या मानेवर राजानं आत्ताच स्वतःच्या हातानं शेला टाकलाय, त्याच घोड्याबद्दल? पण हौसानं सांगितलं. सांगणार नाही तर काय करील! ती राजाच्या तबेल्यात हरभरे भिजवणारी बाई, आणि त्या पाखऱ्या घोड्यावर आज स्वार होणार होता तिचा नवरा, राजाचा स्वार सुभाना. भरधाव घोड्याचा पाय मोडला तर वरच्या स्वाराचं काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आता हा शेल्याचा काय प्रकार? तर सुजनगडात शर्यतीला उतरलेला प्रत्येक घोडा विकाऊ असायचा. ज्याला हवा त्यानं आधी त्याच्या मानेवर शेला टाकायचा. नगाऱ्यावर टिपरी पडली, की घोडा शेलेवाल्याचा आणि ठरलेली किंमत जुन्या मालकाची. मग घोडा जिंको, पडो नाहीतर वाटेत मरो, रडायचं ते नव्या मालकानं! या रीतीवर सरदार रायाजीरावांनी कितीतरी मोडके घोडे लोकांच्या गळ्यात मारले होते. आज त्यांच्या पाखऱ्यावर भुलून तर खुद्द राजाच गळाला लागलेला.

“लंगडा?” राजाच्या कपाळावर आठी चढली. “माझी नजर चुकली म्हणतेस?”

“नजर नाही चुकली सरकार, उशीर झाला. पहाटे मी इथंच पाहिलं, पाखऱ्या तीन पायांवर उभा होता. मग सलोत्री आले, कसलासा लेप लावून वर पट्टी बांधली, आणि आता बघा कसा नाचतोय!”

सलोत्री म्हणजे घोड्यांचे वैद्य गुंडोपंत. ते पुढं झाले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, “घोडा खडखडीत बरा आहे महाराज. मी स्वतः तपासलाय.”

“आणि आता कुणी हात लावायचा नाही!” रायाजीराव गरजले. “शर्यतीआधी परक्याचा हात लागला की जनावर बिथरतं.”

राजाही हट्टालाच पेटला होता. म्हणाला, “ठीक आहे. हौसा, नगारा वाजायच्या आत सिद्ध कर. पण घोड्याला हात लावायचा नाही, पट्टी सोडायची नाही, एक पाऊलही चालवायचं नाही! जमलं नाही तर तुझा नवरा याच घोड्यावर बसेल, आणि उद्या तुम्ही दोघं माझं राज्य सोडून जाल.”

लोक हसायला लागले. सुभानाच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं, काय करून बसलीस!” तो कुजबुजला. हौसानं मात्र पदर खोचला.

“सरकार, मी घोड्याकडं बघतसुद्धा नाही. माझं तोंड इकडं, त्याचं तिकडं. फक्त तुमच्या दवंडीवाल्याला एक दवंडी द्यायला सांगा.”

“कसली?”

“की आजपासून नगारा वाजला म्हणून घोडा नव्या मालकाचा होणार नाही. शर्यत धावून, रात्र काढून, सकाळी चारी पाय टेकून दाणा खाईल, तेव्हा होईल. लंगडला तर शेला परत, पैसे परत! आणि स्वाराला काही झालं, तर त्याचं घर जुन्या मालकानं आणि घोडा बरा म्हणणाऱ्या सलोत्र्यानं मिळून पोसायचं.”

“एवढंच?” राजा म्हणाला. “यात घोड्याला हात कुठं लागतोय? द्या दवंडी!”

ढुम ढुम ढुम! दवंडी झाली आणि रायाजीरावांचा चेहरा उतरला.

“महाराज, ही कसली नवी रीत? बापजाद्यांपासून...”

“घोडा धड आहे ना? मग तुम्हाला कसली चिंता? हं, वाजवा रे नगारा!”

टिपरी वर गेली.

“थांबा!” रायाजीराव ओरडले. “पाखऱ्याचं पोट दुखतंय!”

“थांबा!” त्याच वेळी गुंडोपंतही ओरडले. “पाखऱ्याला सर्दी झालीय!”

मैदानात असा हशा उठला, की बाकीचे घोडे दचकले.

“एकाच घोड्याला दोन आजार?” हौसा म्हणाली. “एवढ्यात? सरकार, शर्यत झाल्यावर दोन्हींचा काढा देऊ. धावू दे त्याला!”

“बरोबर,” राजा म्हणाला. “सर्दीनं कुठं पाय अडतो? वाजवा!”

“नको महाराज!” रायाजीरावांना दरदरून घाम फुटला होता. “पुढचा डावा पाय! लेप उतरला की टेकवत नाही तो. धावला तर मोडेल!”

हौसानं अजूनही घोड्याकडं पाठच केली होती.

“सरकार, मी हात लावला?”

“नाही.”

“पट्टी सोडली? चालवला?”

“नाही.”

“कुठला पाय, हे तरी मी बोलले होते का? ते तर मालकांनीच सांगितलं!”

राजा आधी रायाजीरावांकडं, मग मानेवर राजाचा शेला मिरवत ऐटीत उभ्या असलेल्या पाखऱ्याकडं बघत राहिला. आणि एकदम पोट धरून हसत सुटला. “अरे, मलाच लंगडा घोडा विकत होते की रे! आणि मी ऐटीत शेला टाकून मोकळा!”

मग त्यानं हुकूम सोडला. दवंडीतली रीत कायमची झाली. गुंडोपंतांची सलोत्रीगिरी तिथंच संपली. पाखऱ्या दंड म्हणून सरकारजमा झाला. रायाजीरावांच्या तबेल्यातले सगळे घोडे परगावच्या सलोत्र्याकडून तपासायचं ठरलं, आणि सुभानाला राजाच्या स्वतःच्या घोड्यावर बसायला मिळालं.

“आता तुला काय हवं ते माग,” राजा म्हणाला.

“पाखऱ्या द्या सरकार.”

“लंगडा घोडा? ना धावायचा, ना ओझं वाहायचा. नुसता उभा राहून हरभरे खाईल!”

हौसानं दरबारी मंडळींवरून एकदा नजर फिरवली.

“खाऊ दे की सरकार! तुमच्या दरबारात एवढे जण खातात, त्यात एक घोडा वाढला!”

राजाला हसता हसता ठसका लागला. त्यानं पाखऱ्याच्या मानेवरचा शेला काढून हौसाच्या खांद्यावर घातला, आणि पाखऱ्याच्या जन्मभराच्या हरभऱ्यांचा खर्च रायाजीरावांच्या नावावर टाकला.