तिसऱ्या वळणावरचं लिंबू

करंबळी घाटाच्या तिसऱ्या वळणावर, डोंगराच्या अंगाला, अनशीमावशी लिंबू-मिरची विकायची. तिथं गाड्या हमखास दरीत जायच्या, म्हणून ड्रायव्हर मंडळी तिच्याकडून लिंबू-मिरची बांधून घ्यायची. संध्याकाळी उरलेली लिंबं ती आम्हा शाळकरी पोरांना मीठ लावून द्यायची. ती चव अजून जिभेवर आहे.

एकदा आमच्या गणूतात्यांचा ट्रक तिथंच उलटला. तात्या वाचले. त्यांनी आयुष्यात कधी विडीसुद्धा ओढली नव्हती, पण पंचनाम्याला आलेले रस्त्याचे इंजिनियर दफ्तरदारसाहेब जीपमधून न उतरताच म्हणाले, "लिहा, रस्ता उत्तम. ड्रायव्हर प्यालेला होता."

मावशी उठली. टोपलीतलं एक गोल लिंबू तिनं वळणाच्या मधोमध ठेवलं. ते गरगरत दरीच्या कडेला गेलं आणि खाली पडलं.

"साहेब, हेपण लिहा," ती म्हणाली, "लिंबूही प्यालेलं होतं."

पंचांनी सही करायचं नाकारलं. पावसाळ्याआधी साहेबांना वळण उकरून रस्त्याचा उतार डोंगराकडे घ्यावा लागला. अपघात थांबले, आणि मावशीचा धंदाही.

आता मावशी नाही. मी मात्र कधी तिथून गेलो तर गाडी थांबवून रस्त्यावर एक लिंबू ठेवतो. ते गरगरत तिच्या जागेपाशी जाऊन थांबतं.