हंसबोलीतलं नाव

तळं हंसांचं होतं, आणि तळ्यावर कायमचं घरटं बांधायचं तर हंसबोली यावी लागे. ज्याला ती आली नाही, त्यानं पानगळीआधी आल्या वाटेनं परत जायचं. हंसांना स्वतःला ही परीक्षा नसे. ते अंड्यातूनच उत्तीर्ण होऊन निघत.

रेवा साळुंकी लग्न होऊन डोंगरापलीकडून इथं आली. नवरा माणिक परीक्षा देऊन केव्हाच मोकळा झाला होता. तो फांदीवर हक्कानं बसे आणि ती शेजारी, पाहुणीसारखी. मुळात अबोल, पण कान तिखट. रागावलेली हंसीण कोणता शब्द गिळते, हेही तिला पाठ झालं होतं.

"तिथं गप्प बसू नकोस हं," माणिकनं बजावलं. "मी तर बोलत सुटलो. अर्धं चुकलं, तरी पास!"

"अर्धंच?" रेवा म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी थोरल्या हंसानं पाण्याचं विचारलं, वाऱ्याचं विचारलं. रेवानं नीट उत्तरं दिली. मग त्यानं सहज विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

रेवाची चोच मिटली. साळुंक्यांच्या कुळात नवी नवरी नवऱ्याचं नाव भाजी मागितल्यासारखं घेत नाही. ते यमकात गुंफून, ऐटीत घ्यायचं असतं. तिच्या बोलीतले उखाणे तिला ढीगभर येत होते. हंसबोलीत एकही नव्हता.

"पाठ केलेलं संपलं," हंसाशेजारचा बगळा म्हणाला. "मुकी दिसते."

"अगं, सांग ना! मा—" फांदीवरून माणिक ओरडला. रेवानं त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढचं नाव त्याच्या घशातच राहिलं.

नाव नुसतं उच्चारलं असतं, तरी घरटं पदरात पडलं असतं. नाही तर पानगळ जवळच होती. हे तिला चांगलं कळत होतं. तरी ती थांबली. हंसबोलीतले शब्द तिनं मनात एकेक करून घासले, जुळवले, आणि मान ताठ करून म्हणाली,

"तळ्याच्या पाण्यात चांदण्यांची लुकलुकी,
माणिकरावांचं नाव घेते, कोण म्हणतं मुकी?"

बगळ्यानं मान वळवून थोरल्या हंसाकडे पाहिलं.

"हे आपल्या धड्यात नाही," बगळा पुटपुटला.

"नाही खरं," थोरला हंस म्हणाला. जन्मभर वापरलेले आपलेच शब्द तो जणू पहिल्यांदा ऐकत होता. "पुन्हा म्हण बरं."

"एकदाच घेतात, आजोबा."

हंस खुदकन हसला. त्यानं पंखातलं एक पांढरं पीस उपटून तिच्यापुढे ठेवलं. ते पीस म्हणजे घरट्याची परवानगी.

पुढच्या वसंतात तळ्यावर हंसांचं लग्न लागलं. पाहुण्यांनी नव्या हंसिणीला नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं ते पटकन सांगितलं नाही. मान वेळावली, लाजली, आणि यमक शोधत पाण्याकडे पाहत राहिली. बगळ्यासकट सगळे कान टवकारून पुढे सरकले. शेवटी तिनं हळूच काहीतरी म्हटलं.

"ऐकू आलं नाही," वरच्या घरट्यातून रेवा म्हणाली, अस्सल हंसबोलीत. "जरा मोठ्यानं!"