हत्तिणीच्या चार चाली

फार पूर्वी, डोंगरावर वसलेल्या एका राजधानीत एक सनईवाला राहत होता. बोटांत कसब होतं, छातीत दम होता, पण दरबारात त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि हे त्याला फार लागायचं.

एकदा राजाच्या मनात आलं, की आपल्या तुळसा हत्तिणीवर एक वादन बसवावं. नुसत्या फुंकून वाजवायच्या वाद्यांचं. सनया, तुताऱ्या, शिंगं, बासऱ्या. "डोळे मिटून ऐकलं तरी तुळसाचा स्वभाव कळला पाहिजे," राजा म्हणाला. दरबारातल्या कुणालाच ते जमेना, म्हणून काम या सनईवाल्याकडे आलं. अडचण एकच होती. राजाचे वाजंत्री म्हणजे दरबारातल्या बड्या मंडळींचे भाचे आणि मेहुणे. तुतारीची कुठली बाजू तोंडाला लावायची, इथपासून त्यांची तयारी! म्हणजे वादन सोपं हवं, लहान मुलालाही यावं इतकं.

सनईवाला हत्तीखान्यात जाऊन बसू लागला. म्हातारा माहूत त्याला सगळं दाखवायचा. तुळसा पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपून बघते. पाण्यात गेली की लेकरू होते. राग आला तर आधी कान पसरून बजावते, मगच अंगावर येते. आणि नदीकाठी एका जागी ती रोज थांबते.

"इथं तिची सोबतीण मेली. बारा वर्षं झाली त्याला," माहूत म्हणाला. तुळसानं सोंडेनं ती जमीन हुंगली, एक डहाळी मोडून तिथं ठेवली आणि मग पुढं निघाली. सनईवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं.

"दादा, हिच्या तळपायांना भेगा पडल्यात," माहूत म्हणाला. "दरसाल दसऱ्याला अंबारी घेऊन दगडी चढ चढते. या साली तिला झेपायचं नाही. तुमचं वादन आवडलं की महाराज 'माग' म्हणतील. तेव्हा हिची सुटका मागा. मी मागून बघितलं, पण माझं कोण ऐकतंय?"

"मागतो. शब्द देतो," सनईवाला म्हणाला आणि त्यानं तुळसाच्या सोंडेवर हात ठेवला.

चार चाली तयार झाल्या. चालणं, डुंबणं, राग आणि आठवण. चौथी सगळ्यांत सोपी, चारच सुरांची. घटस्थापनेला दरबारात वादन झालं आणि भाच्या-मेहुण्यांनाही ते जमलं! चौथ्या चालीला राणीनं पदर डोळ्यांना लावला. राजा उठून उभा राहिला.

"माग, काय हवं ते माग. पण एकच."

दारापाशी माहूत हात जोडून उभा होता. सनईवाल्याला तो दिसला. पण त्याला दरबारही दिसला. जन्मात पहिल्यांदा सगळे त्याच्याकडे बघत होते. हत्तिणीची सुटका मागितली तर लोक हत्तिणीचं नाव घेतील, आपलं कोण घेणार?

"महाराज, दसऱ्याच्या मिरवणुकीत तुळसावर बसून सनई वाजवायचा मान मिळावा."

"दिला!"

बाहेर माहुतानं त्याला गाठलं. "हे काय केलंत, दादा?"

"पुढच्या वर्षी नक्की मागतो, बाबा. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

"तिच्याकडं वर्ष नाही," माहूत म्हणाला.

दसऱ्याला सनईवाला नवा फेटा बांधून अंबारीत बसला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक आपट्याची पानं घेऊन उभे होते. चढाच्या अर्ध्यावर चौथी चाल सुरू झाली आणि तुळसा थांबली. तिनं पायानं दगड चाचपला. सावकाश पुढचे गुडघे टेकले, मग मागचे. माहूत आणि सनईवाला उतरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. सनईवाल्याला खरचटलंसुद्धा नाही. मग ती कुशीवर कलंडली.

लोकांना वाटलं, हा वादनातलाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. भाचे-मेहुणे वाजवत राहिले.

माहुतानं कुणाच्या तरी हातातली आपट्याची डहाळी घेतली आणि तुळसाच्या कपाळावर ठेवली. "तुम्ही हिचं सगळं शिकलात, दादा," तो म्हणाला. "पण नुसतं वाजवायला."

तुळसा गेली, वादन राहिलं. सोपं होतं ना! वर्षभरात ते गावोगाव पसरलं. लग्नात वाजू लागलं, जत्रेत वाजू लागलं, गुराखी पानाच्या पिपाणीवर चौथी चाल काढू लागले. सनईवाल्याला नाव मिळालं, हवं होतं त्याहून जास्त मिळालं. पण ती चाल कानावर आली की तो भरल्या ताटावरून उठायचा. शेवटी त्यानं सनई नदीत टाकली आणि राजधानी सोडली.

पुष्कळ वर्षांनी दूरच्या एका गावात तो पारावर टेकला होता. एक चिमुरडी पिपाणी फुंकत आली. तेच चार सूर.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"शिकवायला कशाला लागतंय? ऐकलं की येतं. 'हत्तिणीची आठवण' म्हणतात याला." मग ती त्याच्याजवळ बसली. "आजोबा, त्या हत्तिणीचं पुढं काय झालं हो?"

तो काठी घेऊन उठला आणि पुढच्या गावाला निघाला. तिथं एक लग्न होतं आणि वऱ्हाडापुढं तीच चाल वाजत होती.

तात्पर्य: 'पुढच्या वर्षी पाळीन' म्हणून जो शब्द मोडतो, त्याला पुढचं वर्ष मिळतं, पण ज्याला शब्द दिला होता, त्याला ते मिळेलच असं नाही.