भिवा नीतीने वागतो

एका गावात हौसा नावाची मुलगी होती आणि तिला एक भोळा भाऊ होता. त्याचं नाव भिवा. जे सांगावं ते भिवा करायचा. गावात असा तो एकटाच होता, म्हणून सगळे त्याला मूर्ख म्हणत.

हौसाचं लग्न ठरलं. नवरा मुलगा सदाशिव चांगला होता आणि हौसाच्या मनात भरला होता. त्याचा बाप दौलतराव मात्र कारण शोधत हिंडणारा माणूस. जरा खुट्ट झालं की म्हणायचा, "वऱ्हाड परत नेतो." थोरल्या मुलाच्या वेळी त्याने खरंच नेलं होतं. त्यामुळे भिवाची आई गंगू धास्तावली होती.

"भिव्या, आजचा दिवस शहाण्यासारखा वाग."

"शहाण्यासारखं म्हणजे कसं?"

"मामाला विचार."

मामा तालुक्याच्या कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायचा. त्याच्या हाताखालची मुलं पहिल्या वर्गात पास होत. पुढे ती मोठमोठ्या खुर्च्यांवर बसत आणि मग त्यांची नावं पेपरात येत. नीतीच्या पानावर नव्हे.

मामा म्हणाला, "भिव्या, नीती सोपी आहे. खरं बोलणं हे माणसाचं कर्तव्य. फायदा होवो, तोटा होवो, आभाळ कोसळो. खरंच बोलायचं."

"आभाळ कोसळलं तरी?"

"तरी."

भिवाने एकदा वर बघून घेतलं आणि तो मांडवात गेला.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, पण वऱ्हाड सकाळीच आलं. चहाबरोबर लाडू दिले. दौलतरावाने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा हातात घेतला.

"वा! फक्कड झालेत. सूनबाईंनी केले वाटतं?"

"हो हो, तिनंच," आई म्हणाली.

"नाही," भिवा म्हणाला. "हलवायाकडचे आहेत. हौसाचे लाडू फुटत नाहीत. दिवाळीला आम्ही खलबत्त्यात कुटून खाल्ले. आई, तू म्हणाली होतीस की विचारलं तर हौसाने केले म्हणून सांगायचं. ते आता सांगू की मग सांगू?"

दौलतरावाने हातातला लाडू खाली ठेवला.

मामाने भिवाला बखोट धरून मागच्या दारी नेलं. "अरे गाढवा, जरा परिणाम बघायचा! ज्यात जास्तीत जास्त जिवांचं जास्तीत जास्त सुख, ते काम नीतीचं."

"मघाशी म्हणालास, परिणाम बघू नको."

"ती नीती वेगळी. ही वेगळी."

भिवाला जिलबीच्या परातीच्या राखणीला ठेवलं. त्याने वऱ्हाडी मोजले. सगळे मोजून झाले. मग त्याची नजर परसातल्या मुंग्यांच्या वारुळाकडे गेली. त्याने मुंग्या मोजायला घेतल्या. त्या काही मोजून होईनात.

थोड्या वेळाने आई आली. "भिव्या, जिलबी कुठाय?"

"जिकडे जास्त जीव होते तिकडे."

अख्खी परात वारुळावर पालथी होती. मुंग्या फार सुखात होत्या. हौसाने कपाळावर हात मारून घेतला आणि तिच्या मुंडावळ्या तिरक्या झाल्या.

"ही बेरीज-वजाबाकी सोड," मामा म्हणाला. "दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. कुणी आपल्याशी जसं वागलेलं आपल्याला आवडेल, तसंच आपण त्याच्याशी वागायचं. झाली नीती."

"हे सोपं आहे," भिवा म्हणाला.

ऊन चढलं होतं आणि जेवणाला अवकाश होता. चिंचेखाली बाजेवर दौलतराव पडला होता. अंगात रेशमी झब्बा, डोक्याला नवा फेटा, घामाने डबडबलेला. भिवा त्याच्या उशाशी उभा राहिला. अशा उन्हात मी इथे पडलो असतो तर मला काय आवडलं असतं? उत्तर लगेच मिळालं. तो विहिरीवर गेला, गार पाण्याची बादली भरून आणली आणि दौलतरावाच्या डोक्यावर ओतली.

दौलतराव किंचाळत उठला.

"पडा हो, पडा," भिवा प्रेमाने म्हणाला. "अजून एक बादली आहे."

"वऱ्हाड परत नेतो!" दौलतराव ओरडला. फेट्याचा रंग झब्ब्यावर उतरला होता. आईने पाय धरले. सदाशिवने बापाला हात धरून बसवलं. मामाने टॉवेल दिला आणि भिवाला पुन्हा मागच्या दारी नेलं.

"तुला आवडतं ते त्याला कशाला रे? त्याला त्याची इच्छा आहे! माणसाच्या इच्छेचा मान राखणं, हीच खरी नीती. आधी विचारायचं. नको म्हणाला तर हातसुद्धा लावायचा नाही."

पंगत बसली. जिलबी गेली होती म्हणून आईने घाईघाईने शिरा केला. वाढायला भिवा.

"शिरा वाढू?"

दौलतराव मानाचा व्याही. तो कसा एकदम हो म्हणणार? त्याने ताटावर हात आडवा धरला. "नको नको."

भिवा पुढच्या पानाकडे गेला.

"पुऱ्या वाढू?"

"छे हो, नको."

"भात?"

"पुरे पुरे!" दौलतराव म्हणाला. ताटात तेव्हा मीठ आणि लिंबाची फोड होती.

शेजारचे लोक बोटं चाटत होते. दौलतराव आग्रहाची वाट बघत बसला. ताक फिरलं. तेही तो नको म्हणाला. मग पंगत उठली. दौलतरावाने लिंबाची फोड चोखली आणि तोही उठला.

या वेळी मामाला मागच्या दारापर्यंत जायचाही धीर नव्हता. तो खांबाआडच म्हणाला, "कसली इच्छा घेऊन बसलास! नीती म्हणजे शेवटी रीत. जशी रीत तशी नीती. आपल्याकडे माणूस नको म्हणतो म्हणजे त्याला हवं असतं. जितक्या जोरात नको, तितकं जास्त हवं. त्याचं ऐकायचं नाही. शपथ घालायची, हाताला धरायचं आणि द्यायचंच."

"ही पण बदलणार का रे मामा?"

"नाही. ही शेवटची. हिच्यापुढे नीती नाही."

गोरज वेळ झाली. अंतरपाट धरला. भटजींनी घसा साफ केला. तेवढ्यात दौलतराव उपाशीपोटी उभा राहिला.

"थांबा! सकाळपासून आमचा अपमान चाललाय. मुलाला मोटरसायकल द्या. नाहीतर वऱ्हाड निघालं!"

दौलतराव हुंडा घेत नव्हता. हुंडा घेणं गुन्हा आहे हे त्याला ठाऊक होतं. तो मुलाच्या हौसेखातर घ्यायचा.

आईने मामाकडे बघितलं. "दादा, तू बोल. तू नीती शिकवतोस."

मामा खाकरला. बुटांकडे बघत म्हणाला, "गंगू, वाईटच आहे हे. पण रीत आहे. कुठून तरी द्यावीच लागेल."

"मग मी घरात जाते," अंतरपाटामागून हौसा म्हणाली. आणि ती पाटावरून खाली उतरली.

सदाशिवने अंतरपाट बाजूला सारला. "आबा, मला गाडी नको. मला हौसा हवी. तुम्ही वऱ्हाड न्या, मी इथंच थांबतो."

गावातले लोक दौलतरावाकडे बघायला लागले. नुसते बघत होते, पण त्याला घाम फुटला.

"बरं बाबा," तो पुटपुटला. "नको तर नको. आम्हाला काहीसुद्धा नको!"

आईने पदराने डोळे पुसले. हौसा पुन्हा पाटावर चढली. सगळं जमलं होतं.

फक्त खांबाला टेकून भिवा उभा होता आणि त्याने ऐकलं होतं. मुलगा नको म्हणाला. बापही नको म्हणाला.

तो बाहेर धावला. बाहेर एकच मोटरसायकल होती, मामाची. कोरी करकरीत, पूजेचा हार अजून हँडलला. भिवाने ती ढकलत मांडवात आणली आणि बोहल्याला टेकवली.

"घ्या."

"अरे, नको!" सदाशिव म्हणाला.

"हौसाची शपथ आहे."

"भिवाभाऊ, खरंच नको!"

"आम्हाला वाईट वाटेल." भिवाने दौलतरावाचा हात धरून हँडलवर ठेवला.

"छे छे, नको नको," दौलतराव म्हणाला. पण हात काही उचलेना. "आता एवढा आग्रहच करता, तर तुमचं मन तरी कसं मोडायचं..."

इतक्यात पाट तुडवत, पाहुण्यांना ढकलत मामा धावत आला. "नको! भिव्या, नको! माझी आहे ती! अरे नको रे, नको, नको!"

भिवाने मामाकडे बघितलं. इतक्या जोरात नको दिवसभरात कुणीच म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"बघा," तो दौलतरावाला म्हणाला, "मामाच्या किती मनात आहे!"

आणि त्याने मामाच्या खिशातून किल्ली काढून दौलतरावाच्या हातावर ठेवली. मुहूर्त टळत होता. भटजी घाईघाईने "सावधान!" म्हणाले आणि अक्षता पडल्या. बऱ्याचशा मामावरच पडल्या.