नदीकडे पाठ

"पण आपलीच भिंत का, बाबा? वरचा काठ सरळ, तो शाबूत. दर पुरात आपलीच का?"

मठाचा थोरला शिष्य उत्तमगिरी गुडघाभर चिखलात उभा होता. पूर ओसरला होता आणि भिंत ढासळून पुन्हा ये रे माझ्या मागल्या झालं होतं. नदी इथे वळते, ती नेमकी मठाच्या अंगाने. भिंतीमागे आजेगुरूंची समाधी. समाधी आणि नदी यांच्यात आता बैलगाडी जाईल एवढीच माती उरली होती. पुढच्या पुरात तीही जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

मंगळगिरी बाबा पायरीवर बसले होते. बोलायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं.

"दगड कच्चा होता का रे?"

"काळा पाषाण. चुना मी उभं राहून मळवून घेतला."

"आणि आकार?"

उत्तमगिरीची मान ताठ झाली. मठाची रीत अशी की नदी म्हणजे आई. आरती करून निघालेला गोसावीसुद्धा तिच्याकडे तोंड ठेवून, मागे मागे पायऱ्या चढतो. तिला पाठ दाखवायची नाही म्हणजे नाही. म्हणून त्याने भिंत नदीच्या बाजूने खोलगट बांधली होती. आई आली की कुशीत मावेल, असं त्याला वाटायचं.

"ओंजळीसारखा," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

"हो... मीच."

बाबांनी हात पुढे केला. बोटं वळवून तळवा खोलगट केला.

"ओत."

उत्तमगिरीने कमंडलूतून धार सोडली. तळव्याच्या खळग्यात पाणी खळबळलं, गरगर घुमलं, बोटांवर आपटलं आणि त्याच्याच तोंडावर उडालं.

बाबांनी हात पालथा केला.

"आता ओत."

धार तीच. पण पाणी मुकाट्याने फुगीर बाजूवर पसरलं आणि कातडीला धरून मनगटापाशी उतरलं. आवाज नाही की शिंतोडा नाही.

उत्तमगिरीने पुन्हा ओतून पाहिलं. पुन्हा तेच. म्हणजे आपणच, भक्ती म्हणून, पाणी घुसळत ठेवलं? आणि आपल्याच हाताने समाधी पोखरली?

"फुगीर बांधू म्हणता? नदीकडे... पाठ करून?"

बाबांनी पालथा हात तसाच धरून ठेवला.

"नाही जमायचं, बाबा." तो तिथेच चिखलात मटकन बसला. "दगड वाहून वाहून कंबर गेली, तरी वाहीन. पण आईला पाठ दाखवून कुठलं तोंड घेऊन आरतीला उभा राहू? त्यापेक्षा जाऊ दे समाधी. दमलो मी."

"मीही दमलोय रे..."

बाबा कण्हत पायरी उतरले आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"लहानपणी आई न्हाऊ घालायची ना तुला?"

"घालायची."

"मग तिच्याकडे पाठ करूनच बसायचास की रे!"