वेदीपुढे पसरलेले हात

एकदा ल्यूथरन या ख्रिस्ती पंथाचे एक वृद्ध पाळक, म्हणजे धर्मगुरू, कोळशाच्या खाणीजवळच्या चर्चच्या लहानशा मंडळीची सेवा करीत असत. अर्धे आयुष्य त्यांनी ईश्वरविज्ञान शिकवण्यात घालवले होते, उरलेले या मंडळीत. एलीया हा त्यांचा शेवटचा शिष्य. बुद्धीने तल्लख, नियमाला पक्का.

मंडळीतल्या तबिथाबाई या विधवेचा एकुलता मुलगा खाणीत छत कोसळून गेला. एलीयाने तिच्या घरी जाऊन बायबलमधली मृतांच्या पुनरुत्थानाची वचने वाचली. ती भिंतीकडे पाहत राहिली.

पुढे एका रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या नावाने भाकर आणि द्राक्षारस देण्याच्या विधीच्या वेळी ती वेदीपुढे गुडघे टेकून बसली. पाळक समोर येताच हलकेच म्हणाली, "पाळकसाहेब, माझा विश्वास राहिला नाही आता."

द्राक्षारसाचा प्याला घेऊन मागून येणारा एलीया जागीच थबकला; प्रभुभोजन विश्वास ठेवणाऱ्यालाच द्यायचे, असा नियम होता. पाळकांनी मात्र तिच्या तळहातावर भाकर ठेवली. "ख्रिस्ताचे शरीर, तुमच्यासाठी दिलेले." मग एलीयाच्या हातातून प्याला घेऊन त्यांनी स्वतःच तिच्या ओठांना लावला.

उपासना आटोपल्यावर एलीयाला राहवेना. "गुरुजी, विश्वास नाही, असे तिने स्वतःच्या तोंडाने म्हटले. तरी आपण दिलेत?"

पाळक अंगातला झगा उतरवत होते. ते म्हणाले, "तिचे शब्द तू ऐकलेस, हात पाहिले नाहीस. ते पसरलेले होते. 'तुमच्यासाठी' हा एक शब्द कळावा म्हणून मी जन्मभर ग्रंथ चाळले, एलीया. त्याला आता अट कशी लावू?" त्यांचा आवाज खाली आला. "तिच्या मुलाचा बाप्तिस्मा मी केला. मातीही मीच दिली. मधल्या त्या आयुष्याबद्दल तिला काय सांगावे, हे मलाही ठाऊक नाही."

गुरूला न कळणारे काही असू शकते, हे एलीयाला त्या दिवशी प्रथम जाणवले.

दुपारी तो तबिथाबाईकडे गेला. वेदीपुढे प्याला घेऊन थबकल्याबद्दल क्षमा मागायची होती, पण दारात उभा राहिला तेव्हा जुळवलेले एकही वाक्य त्याला आठवेना.

"बसा ना भाऊ, त्या खाटेवर बसा," ती म्हणाली. "त्याचीच आहे. कोणी बसतच नाही तिच्यावर."

तो बसला. मग ती मुलाविषयी बोलू लागली: लहानपणी तो अंधाराला किती भ्यायचा, आणि तरी खाणीत उतरला. बोलता बोलता पहिल्यांदाच तिला रडू फुटले. एलीयाने कोणतेही वचन काढले नाही. ऊन अंगणातून सरले, तरी तो तिथेच बसून ऐकत राहिला.